नवे यंत्र आणि शिक्षकाचा आत्मविश्वास

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि शिक्षक' या विषयावर बोलण्यास संस्थेच्या चालकांनी मला सांगितले, तेव्हा प्रथम मी नकार दिला. मी या विषयातला तज्ज्ञ नव्हे. बी.ए., बी.एड. झालेला, इंग्रजी आणि इतिहास शिकवणारा एक साधा माध्यमिक शिक्षक आहे. परंतु अध्यक्ष साहेब म्हणाले, "तज्ज्ञ आम्ही पुढच्या वर्षी बोलावू. या वर्षी ज्याच्या हातून चूक झाली आणि ज्याने ती निस्तरली, असा माणूस आम्हांला हवा आहे." या बोलण्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून चुकीपासूनच सुरुवात करतो.

२०२३ च्या डिसेंबर महिन्यातील ही गोष्ट. नववीच्या वर्गाला मी आजोबांवर इंग्रजी निबंध लिहून आणण्यास सांगितले होते. बहुतेक मुलांनी नेहमीप्रमाणे लिहून आणले. आजोबा पहाटे उठतात, फिरायला जातात, गोष्टी सांगतात, वगैरे. एका मुलीचा निबंध मात्र निराळा होता. तिचे आजोबा मचव्यावर तांडेल होते. वारा पडला की ते शिडाकडे पाहत नसत, पाण्याच्या रंगाकडे पाहत, असे तिने लिहिले होते. वाक्ये स्वच्छ होती, व्याकरण निर्दोष होते. शिक्षक म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला.

त्यातील दोन परिच्छेद मी मोबाईलवर टाइप केले आणि लेखन माणसाचे की यंत्राचे हे ओळखून देणाऱ्या एका संकेतस्थळावर टाकले. उत्तर आले, हा मजकूर बहुधा यंत्राने लिहिलेला आहे. दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी त्या मुलीला उभे केले. ती म्हणाली, "सर, मीच लिहिलाय." मी म्हणालो, "यंत्र खोटं बोलत नाही." ती खाली बसली आणि तासभर तिने वर पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. वडील जहाजावर नोकरीला, घरचे सगळे आईच पाहते. त्या माउलीने भांडण केले नाही, आवाजही चढवला नाही. पिशवीतून मुलीची कच्ची वही काढून तिने माझ्या टेबलावर ठेवली. तोच निबंध त्या वहीत चार वेळा लिहिलेला होता. पहिल्या खर्ड्यात अर्धी वाक्ये मराठीत होती. दुसऱ्यात 'सुकाणू' हा शब्द देवनागरीतच लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह घातले होते. तिसऱ्यात त्या जागी इंग्रजी शब्द आला होता, पण स्पेलिंग दोनदा खोडलेले होते. निर्दोष निबंध कसा तयार झाला याचा सारा हिशेब त्या वहीत होता, आणि मी ती वही मागितलीसुद्धा नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. २०१३ साली बी.एड.ला असताना मी इंग्रजीत लिहिलेले एक पाठटाचण कपाटातून काढले आणि त्यातला उतारा त्याच संकेतस्थळावर टाकला. तोही यंत्राने लिहिलेला ठरला! ज्या चॅटजीपीटीमुळे हा सारा गोंधळ सुरू झाला ते लोकांपुढे आले ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. म्हणजे माझे टाचण त्याच्या जन्माआधी नऊ वर्षांचे होते.

पुढे मी वाचू लागलो तेव्हा आणखी शरमिंदा झालो. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच असे एक ओळखयंत्र जानेवारी २०२३ मध्ये काढले होते. कंपनीच्याच चाचणीत ते यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के मजकूर ओळखू शकले, आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के मजकूर त्याने यंत्राच्या खात्यावर टाकला. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने ते मागे घेतले. त्याच सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा सात ओळखयंत्रांची परीक्षा घेतली. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशांचे ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे म्हणून ठरवले गेले! कारण साधे आहे. परकी भाषा शिकणारा माणूस साधे, ठरावीक शब्द आणि सरळ वाक्ये वापरतो, आणि या ओळखयंत्रांना नेमकी तीच यंत्राची खूण वाटते. म्हणजे आपली मुले जितक्या इमानाने पुस्तकी इंग्रजी लिहितील तितकी ती संशयित ठरणार.

मी त्या मुलीची भर वर्गात माफी मागितली. अपमान वर्गात केला होता, तेव्हा माफी शिक्षक-खोलीत मागून भागणार नव्हते.

मित्रहो, हे का घडले याचा मी पुष्कळ विचार केला. मी दुष्ट नाही, आळशीही नाही. मी घाबरलेला होतो. मुले माझ्यापुढे गेली आहेत, त्यांच्या हातात असे काही आले आहे की जे मला कळत नाही, ही भीती माझ्या मनात वर्षभर होती. घाबरलेला शिक्षक दोनच गोष्टी करू शकतो. एक तर तो यंत्रावर बंदी घालतो, नाहीतर डोळे मिटून त्यावर विश्वास ठेवतो. मी एकाच वेळी दोन्ही केले. एका यंत्राला वर्गात बंदी केली आणि दुसऱ्या यंत्राचा शब्द मुलीच्या शब्दापेक्षा खरा मानला.

ही भीती आजची नाही. आपल्या देशात १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून निवडक शाळांतून बीबीसी मायक्रो जातीचे संगणक दिले, तेव्हापासून यंत्र आधी येते आणि शिक्षकाचा विचार मागाहून होतो. मी स्वतः शाळेत होतो तेव्हाची संगणक-खोली मला आठवते. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन आत जायचे. संगणकावर शिवून घेतलेले कापडी आच्छादन. किल्ली हेडमास्तरांकडे. शिकवणारे सर स्वतःच त्या यंत्राला हात लावायला कचरत, कारण बिघडले तर भरपाई कोण करणार? अशा खोलीत आम्ही संगणकाचा आदर करायला शिकलो, तो वापरायला शिकलो नाही.

मग २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि एका आठवड्यात आम्हांला मोबाईलवर शिकवावे लागले. कोणी रेंजसाठी टेकडीवर जाऊन उभे राहिले, कोणी उलटा कॅमेरा धरून अर्धा तास छताला शिकवले. पण एक गोष्ट त्या वर्षात चांगली झाली. सगळेच चुकत होते, म्हणून चुकण्याची लाज राहिली नाही. शाळा उघडल्या आणि ती लाज पुन्हा आली.

आता हे नवे यंत्र करते तरी काय, ते थोडक्यात सांगतो, कारण अज्ञानातूनच भीती वाढते. त्याला प्रचंड मजकूर वाचायला दिलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित ते बसवते आणि एकेक तुकडा जोडत उत्तर तयार करते. गाईडे पाठ करून परीक्षेला बसणारा एक हुशार मुलगा डोळ्यांपुढे आणा. त्याचे अक्षर सुंदर, भाषा सफाईदार. प्रश्न माहीत असला तर उत्तर उत्तम, आणि माहीत नसला तरी उत्तर तितक्याच सफाईने लिहिलेले! "सर, मला येत नाही" हे शब्द त्याच्या तोंडून सहसा निघत नाहीत. शिवाय ज्या भाषेतला मजकूर त्याने जास्त वाचला त्या भाषेत तो अधिक पक्का. इंग्रजीच्या मानाने मराठी आणि उर्दूचा मजकूर त्याच्या वाचनात फार थोडा आला आहे, आणि आपल्या किनाऱ्यावरची घरगुती बोली तर जवळजवळ नाहीच.

या संगणकी रीतीला 'अल्गोरिदम' म्हणतात आणि हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये गणित लिहिणाऱ्या अल-ख्वारिज्मीच्या नावावरून आला, हे आपल्या सभांतून नेहमी सांगितले जाते. ते खरे आहे आणि त्याचा अभिमानही असावा. पण अल-ख्वारिज्मीने हिंदी अंक शिकून घेतले, पारखले आणि त्यांवर ग्रंथ लिहिला. आपण त्याचे नाव घेऊन टाळ्या वाजवतो आणि संगणकाच्या खोलीला कुलूप लावतो. अभिमानाने यंत्र चालत नाही, सरावाने चालते.

त्या प्रसंगानंतर आम्ही चार शिक्षकांनी एक रिवाज सुरू केला. शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास थांबायचे. सोबत एक मोबाईल, एक जुना लॅपटॉप आणि चहा. प्रमुख पाहुणे नाहीत, हजेरीपट नाही, प्रमाणपत्र नाही. नियम दोनच ठरवले. एका आठवड्यात एकच गोष्ट शिकायची. आणि जो विषय आपल्याला पक्का येतो त्याच विषयावर यंत्राला प्रश्न विचारायचे.

आमच्या एक ज्येष्ठ बाई इतिहास शिकवतात. निवृत्तीला थोडी वर्षे राहिली आहेत. त्या पहिल्या दोन शनिवारी फक्त चहा करून देत आणि म्हणत, "माझं आता वय झालं, तुम्ही तरुण मंडळी शिका." तिसऱ्या शनिवारी आम्ही आग्रहाने त्यांना बसवले आणि म्हटले, "तुम्ही मुलांना जे नेहमी विचारता तेच याला विचारा." त्यांनी रत्नागिरीच्या थिबा राजाविषयी विचारले. यंत्राने झरझर उत्तर दिले. ब्रह्मदेशचा राजा १८८५ साली पदच्युत झाला, रत्नागिरीला आणला गेला, आणि १८८६ पासून १९१६ साली मृत्यू येईपर्यंत थिबा राजवाड्यात राहिला.

बाई वाचत होत्या. मध्येच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हे चूक आहे. राजवाडा तर १९१० च्या सुमारास बांधून झाला. त्याआधी वीस वर्षांहून अधिक काळ राजा इथल्या दुसऱ्या बंगल्यांतून राहिला. नसलेल्या वाड्यात तो राहील कसा?" आम्ही त्यांना तेच यंत्राला लिहायला सांगितले. यंत्राने ताबडतोब चूक कबूल करून उत्तर सुधारले. बाई हसू लागल्या. म्हणाल्या, "अरे, हा तर आपल्या मागच्या बाकावरचा मुलगा निघाला. दरडावले की लगेच 'हो बाई' म्हणतो." पुढे त्यांनीच आणखी एक गंमत केली. बरोबर दिलेले एक उत्तर मुद्दाम चूक आहे म्हणून दरडावले, तर त्यालाही यंत्राने 'हो' म्हटले! त्या दिवशी आम्हां सर्वांना मोठा धडा मिळाला. त्याच्या 'हो'ला किंमत नाही आणि 'नाही'लाही नाही. किंमत आहे ती विचारणाऱ्याच्या ज्ञानाला. त्या शनिवारनंतर बाईंची भीती गेली. त्यांना कोणी बटणे शिकवली म्हणून ती गेली नाही. इतक्या वर्षांच्या अध्यापनात कमावलेले ज्ञान यंत्रापुढे निरुपयोगी ठरलेले नाही, उलट तेच आता कामाला येणार आहे, हे त्यांनी स्वतः अनुभवले म्हणून गेली.

आज त्याच बाई या यंत्राचा उपयोग करतात. एका धड्यावर तीन पातळ्यांचे प्रश्न तयार करून घेतात. मागे पडलेल्या मुलांसाठी सोपे, मधल्यांसाठी नेहमीचे, आणि हुशार मुलांसाठी विचार करायला लावणारे. पालकांना द्यायची सूचना मराठीत लिहून तिचा उर्दू तर्जुमा मागतात आणि मग उर्दूच्या सरांकडून तो तपासून घेतात. पूर्वी या कामाला रविवार जात असे, तो आता वाचतो. पण यंत्राने दिलेला एकही कागद त्या स्वतः लाल पेन फिरवल्याशिवाय वर्गात नेत नाहीत.

युनेस्कोने २०२४ साली शिक्षकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या क्षमतांचा एक आराखडा प्रसिद्ध केला. त्यात १५ क्षमता सांगितल्या असून त्यांचे ५ भाग केले आहेत. माणसाला केंद्रस्थानी ठेवणारी दृष्टी, नीती, तंत्राची ओळख, अध्यापनात वापर आणि शिक्षकाचा स्वतःचा विकास. तंत्र हा पाचांतला एकच भाग, आणि तोही पहिला नव्हे. आमची प्रशिक्षणे मात्र बहुधा त्या एकाच भागावर संपतात. एक दिवसाचे शिबिर, पडद्यावर भराभर सरकणारी चित्रे, जेवण आणि आभारप्रदर्शन. पोहण्यावरचे व्याख्यान ऐकून कोणी खाडीत उतरत नाही.

आपल्याच महाराष्ट्रातले एक उदाहरण पाहा. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलर्सच्या त्या रकमेतील निम्मा भाग त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिला, हे आपण सर्वांनी वाचले आहे. पण त्यांनी सुरुवात कुठून केली हे पाहण्यासारखे आहे. मुलांची घरची भाषा कानडी होती. पुस्तक त्यांना कळत नव्हते. ते मुलांच्या भाषेत आणण्यापासून त्यांचे काम सुरू झाले आणि पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आला तो त्या गरजेपोटी. त्यांनी आधी मुलाची अडचण पाहिली, यंत्र मागून आले. आमच्या शनिवारच्या तासालाही आम्ही आता पहिला प्रश्न हाच विचारतो, की या आठवड्यात आपल्या वर्गात कोणाचे कुठे अडले?

आता काही विनंत्या करतो आणि थांबतो.

संस्थेच्या चालकांना माझी विनंती अशी की, यंत्रे घ्याल तेव्हा शिक्षकांना वेळही द्या. आठवड्याच्या वेळापत्रकात अर्धा तास यासाठी राखून ठेवा. एक संगणक शिक्षक-खोलीत उघडा ठेवा, किल्लीविना. तो वापरताना बिघडला तर कोणाच्या पगारातून काही कापले जाणार नाही, हे लेखी सांगा. आणि निदान पहिले वर्षभर या कामाची तपासणी करू नका. शिकणाऱ्याला चुकायला जागा हवी, मग तो विद्यार्थी असो की शिक्षक.

पालकांना विनंती अशी की, एखादे सर किंवा बाई वर्गात म्हणाल्या, "हे मला ठाऊक नाही, उद्या पाहून सांगते," तर ती गोष्ट घरी चेष्टेचा विषय करू नका. माझ्या तोंडून त्या दिवशी "मला ठाऊक नाही" एवढे तीन शब्द निघाले असते, तर एका मुलीची मान खाली गेली नसती. तसेच मुलांच्या वयाकडे लक्ष असू द्या. वर्गात अशी यंत्रे वापरण्यासाठी वयाची किमान मर्यादा १३ असावी, असे युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत सुचवले आहे. आपल्या देशातही डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मुलाचे नाव, फोटो, आजारपण, घरची भांडणे यांपैकी काहीही या यंत्रात टाकू नका. आम्ही शिक्षकांनीही तसा नियम केला आहे. गुणपत्रिका टाकायची झाली तर नावे काढून टाकतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, आम्हांला शिकवा. कोणते बटण कुठे आहे हे तुम्हांला आमच्याआधी कळते, त्यात आम्हांला कमीपणा नाही. उत्तर खरे की खोटे हे कसे पारखायचे, ते आम्ही तुम्हांला शिकवू. हा सौदा दोघांच्याही फायद्याचा आहे. दुसरी, कच्ची वही जपा. यंत्राची मदत घेतली तर घेतली म्हणून सांगा, मी रागावणार नाही. पण पहिला खर्डा स्वतःच्या हाताने लिहा. खोडाखोड, चुकलेली स्पेलिंगे, न सापडलेल्या शब्दापुढचे प्रश्नचिन्ह, यातूनच तुम्ही शिकत असता. यंत्र एका क्षणात स्वच्छ प्रत देईल, पण ही खोडाखोड तुमच्या वतीने ते करू शकणार नाही.

आमच्या वर्गात आता निबंधाबरोबर कच्ची वहीही तपासली जाते. तिला दहापैकी चार गुण ठेवले आहेत. ही कल्पना माझी नव्हे. ज्या आईने त्या दिवशी न बोलता ती वही माझ्या टेबलावर ठेवली, तिची आहे. ती मुलगी पुढे दहावी होऊन आमच्या शाळेतून गेली. जाताना शाळेच्या हस्तलिखितासाठी तिने तोच निबंध दिला, आजोबांचा आणि पाण्याच्या रंगाचा. तो मी एका अक्षराचाही बदल न करता घेतला आहे.